रस्ता मोजणाऱ्याला आधी मोजायला शिकवा

बडोद्याजवळच्या पादरा तालुक्यातल्या मुजपूरला आणंद जिल्ह्यातल्या गंभीराशी जोडणारा महीसागर नदीवरचा पूल ९ जुलै २०२५ च्या सकाळी तुटला. दोन खांबांमधला गाळा खाली गेला, त्यावरची वाहनं नदीत पडली आणि किमान २० माणसं दगावली. एक टँकर पुढचे कित्येक दिवस तुटलेल्या टोकाशी अडकून होता. बडोद्यात ज्याच्या-त्याच्या मोबाइलवर त्याचा फोटो फिरत होता. दुसऱ्याच दिवशी कार्यकारी अभियंत्यासह चार अभियंते निलंबित झाले. पूल १९८५ सालचा, म्हणजे नुकता चाळिशीतला. काँक्रीटच्या पुलाचं हे काही मरायचं वय नव्हे. त्याची अवस्था बिकट असल्याचं स्थानिक लोकप्रतिनिधीने आधी लेखी कळवलं होतं, नव्या पुलासाठी २१२ कोटींची मंजुरीही झाली होती. फक्त जुन्या पुलावरची वाहतूक थांबवणं कुणाच्या हातून झालं नाही.

मग गुजरातभर पुलांच्या पाहण्या निघाल्या. अनेक पूल पूर्ण बंद झाले, काही जड वाहनांपुरते बंद झाले. हे पूल काही त्या आठवड्यात आजारी पडले नव्हते. आदल्या पावसाळ्यातही ते असेच होते आणि त्यांच्या पाहणीचे कागद कुठल्या ना कुठल्या फायलीत होतेच. एकतर पाहणाऱ्याला दिसलं नाही, किंवा दिसलं पण लिहिलं नाही, किंवा लिहिलं पण वरच्याने वाचलं नाही.

निलंबनाबद्दल मला इथे काही म्हणायचं नाही. दोष कुणाचा ते चौकशी आणि न्यायालय ठरवेल. माझा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. प्राथमिक पाहणीनंतर मंत्र्यांनी जे कारण सांगितलं त्यात दोन शब्द होते, पेडेस्टल आणि आर्टिक्युलेशन. पेडेस्टल म्हणजे गाळ्याचा भार पेलणारा खांबावरचा चौथरा, आणि एका गाळ्याचं टोक दुसऱ्याच्या पुढे आलेल्या ओठावर टेकतं ती जागा म्हणजे आर्टिक्युलेशन. वरून ही जागा दिसत नाही. रस्त्यावरच्या सांध्यातून पावसाचं पाणी नेमकं तिथेच झिरपतं, सळई गंजते, काँक्रीट फुगून फुटतं, आणि वरून जाणाऱ्याला एवढंच कळतं की पूल हल्ली जरा जास्तच हलतोय. ती जागा बघायची तर पुलाखाली जावं लागतं, होडीतून किंवा क्रेनच्या पाळण्यातून. आणि तिथे पोचल्यावर काय बघायचं, कुठे हातोडी मारून आवाज ऐकायचा, कुठली चीर साधी आणि कुठली जीवघेणी, हे कुणीतरी हाताला धरून शिकवलेलं असावं लागतं. पाहणीला जाणाऱ्या किती जणांना असं कुणी शिकवलं आहे? आणि ज्याला ते कळलं, त्याने 'पूल आजच बंद करा' असं लिहायचं ठरवलं, तर त्याच्या पाठीशी कोण उभं राहणार?

हे दोन प्रश्न आपण कायम वेगवेगळ्या खोल्यांत बसून सोडवतो. प्रशिक्षण हा आस्थापना शाखेचा विषय: वर्षाकाठी अमुक कर्मचारी अमुक दिवस पाठवले, एवढा तक्ता भरला की झालं. भ्रष्टाचार हा दक्षता शाखेचा, फारच झालं तर लाचलुचपतवाल्यांचा विषय. तिकडे सापळे, पावडर लावलेल्या नोटा आणि दुसऱ्या दिवशीची बातमी. माझं म्हणणं असं की रस्त्याच्या कामात ही एकच गोष्ट आहे. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, अशी आपल्या बांधकाम खात्यांची गत आहे. आणि आपण वर्षानुवर्षं नुसतं कुत्र्यामागे काठी घेऊन धावतो आहोत.

जरा हिशेब करू. समजा, एक किलोमीटर लांब आणि सात मीटर रुंद रस्त्यावर डांबरी काँक्रीटचा ४० मिलिमीटरचा थर द्यायचा आहे. प्रत्यक्षात ३५ चा दिला. पाच मिलिमीटर कमी, डोळ्याला काही फरक दिसत नाही. पण सात हजार चौरस मीटरवर ते ३५ घनमीटर होतात, म्हणजे ८० टनांहून जास्त माल. हायवा डंपरच्या चार-पाच खेपा झाल्याच नाहीत आणि मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे एम.बी.त, ४० च लिहिले गेले. पुढे डांबराचं प्रमाण. वजनाच्या ५.४ टक्के डांबर हवं तिथे ४.९ टाकलं, तर तेवढ्याच किलोमीटरमागे तीन टनांहून जास्त डांबर वाचतं. टनाला पन्नास हजारांच्या आसपास भाव धरला तर दीड लाखाच्या वर रक्कम झाली, तीही एकाच थरात. वरून रस्ता तेवढाच काळाभोर दिसतो. उद्घाटनाच्या फोटोत तर अधिकच.

तिसरी गोष्ट तापमान, आणि ती सर्वांत दुर्लक्षित. व्हीजी-३० या प्रतीच्या डांबराचा माल प्लान्टमधून साधारण १५० ते १६५ अंशांवर निघायला हवा, आणि रोलर फिरत असताना तो ९० च्या खाली जाता कामा नये. डंपर वाघोडिया रोडच्या गर्दीत अडकला, ताडपत्री नीट झाकली नव्हती, माल पसरणारं यंत्र, म्हणजे पेव्हर, बंद पडला, तर माल गार होतो. गार मालावर कितीही रोलर फिरवा, तो दबत नाही. आत बारीक पोकळ्या राहतात, पहिल्या पावसाचं पाणी तिथे शिरतं आणि दिवाळीपर्यंत खडी सुटी होऊन स्कूटरच्या चाकाखाली येते. इथे कुणी पैसे खाल्लेच असं नाही. नुसतं अज्ञानही पुरतं. पण बिल निघताना चोरी आणि अज्ञान यांच्यात काडीचाही फरक राहत नाही. पैसे पूर्ण मोजले जातात आणि रस्ता तितकाच वाईट होतो.

भुव्यांचं मात्र वेगळं आहे. दर पावसाळ्यात बडोद्यात कुठे ना कुठे रस्ता खचून जे भगदाड पडतं त्याला आपण भुवा म्हणतो आणि लगेच डांबरवाल्याला शिव्या देतो. बहुतेक वेळा दोष खालच्या गटारलाइनीत असतो. जुनी लाइन गळते, माती वाहून जाते. किंवा नवी लाइन टाकताना खणलेला चर थराथराने न दाबता एकदम भरून वर डांबर मारलेलं असतं. झाकलं जाण्याआधी मोजायच्या आणि तपासायच्या अशा या बाबी. झाकल्यावर काय राहतं तर दोन सह्या.

आता सही करणारा कोण ते बघू. मागच्या उन्हाळ्यात शहरातल्या एका जुन्या रस्त्यावर रात्री डांबरीकरण चालू होतं. झोप उडालेली, म्हणून बाहेर जाऊन उभा राहिलो. पेव्हर, दोन रोलर, घमेली घेतलेल्या बायका, कडेला फावड्याने माल सारखा करणारी पोरं आणि या सगळ्यांत खात्याचा म्हणून एकच तरुण. त्याच्या हातात मालाच्या पावत्यांचा, म्हणजे चलनांचा, गठ्ठा. आलेल्या डंपरचं चलन घ्यायचं, नंबर लिहायचा, सही करायची, एवढंच त्याचं काम. मी विचारलं, "साहेब, मालाचं तापमान काय येतंय?" त्याने पेव्हरच्या दिशेने मान वळवली. "धूर निघतोय ना काका, गरमच आहे." थर्मामीटर नव्हता. हजार-दीड हजारांत मिळणारी वस्तू, पण ती त्याला कुणी दिली नव्हती आणि मागायची असते हेही कुणी सांगितलं नव्हतं. जाडी मोजायला खिळा लावलेली पट्टी ठेकेदाराच्या मुकादमाकडे होती आणि माप पुरं भरेल तिथेच मुकादम ती टेकवत होता. बोलता बोलता कळलं की मुलगा हुशार होता, डिप्लोमाला चांगले मार्क. डांबरी मालाची ताकद तपासणारी मार्शल टेस्ट त्याला तोंडपाठ येत होती, पण कॉलेजात ती सगळ्या वर्गाला एकदाच, लांबून दाखवली होती. नोकरीला लागल्यावर प्रशिक्षण काय झालं? रजेचे नियम, पत्रव्यवहार, ई-फाइल. त्याच रात्री त्याच्याकडे आणखी दोन साइट होत्या. तिथल्या चलनांवर कोण सही करतंय, हे मी विचारलं नाही.

मुलगा लबाड नव्हता, आणि हेच मला सांगायचं आहे. गुजरातमध्ये वर्ग तीनच्या भरतीत पहिली पाच वर्षं फिक्स पगारावर काढावी लागतात. त्या पाच वर्षांत त्याला कायम व्हायचं असतं, कुणाशी वाकडं घ्यायचं नसतं. माल ठेकेदाराचा, प्लान्टवरची प्रयोगशाळा ठेकेदाराची, तिथला टेक्निशियन ठेकेदाराच्या पगारावर, आणि तपासणीला प्लान्टवर जायची गाडीही बहुधा ठेकेदारानेच पाठवलेली. अशा माणसाला अज्ञानी ठेवणं हे सगळ्यांच्याच सोयीचं असतं. ज्याला आकडा काढता येत नाही तो आकड्यावरून भांडत नाही. पहिली दोन-तीन वर्षं तो न कळून सही करतो. मग त्याला कळू लागतं, तोवर त्याच्या शेकडो सह्या पडलेल्या असतात आणि मागे फिरायची वाट बंद झालेली असते. टक्केवारी नंतर येते. आधी येते ती सवय.

या बाबतीत इंडोनेशियात झालेलं एक काम प्रत्येक नगरसेवकाला वाचायला द्यावं असं मला फार वाटतं. बेंजामिन ओल्कन या अर्थशास्त्रज्ञाने २००३ ते २००४ च्या सुमारास तिथल्या सहाशेहून अधिक गावांत एक प्रयोग केला. प्रत्येक गाव सरकारी पैशातून रस्ता बांधत होतं. काम झाल्यावर अभियंत्यांनी रस्ता ठिकठिकाणी खणून नमुने काढले, खडी-वाळू खरोखर किती पडली ते मोजलं, आसपासच्या बाजारातले भाव घेतले आणि कागदावरच्या खर्चातून तो खर्च वजा केला. उरलेली रक्कम म्हणजे गायब झालेला पैसा. काही गावांना आधीच सांगून ठेवलं होतं की तुमची सरकारी तपासणी होणार म्हणजे होणारच. एरवी तपासणीची शक्यता जेमतेम चार टक्के असायची. या गावांत गायब खर्च सुमारे आठ टक्के-अंकांनी घटला. दुसऱ्या काही गावांत लोकांना हिशेबाच्या सभेला मोठ्या संख्येने बोलावलं. त्याने एकूण फरक फारसा पडला नाही, पण मजुरीतली चोरी मात्र कमी झाली. मालातली झाली नाही.

यात नवल काहीच नाही. कामावर किती माणसं होती हे गाव मोजू शकतं, रस्त्यात खडी किती मुरली हे मोजू शकत नाही. ज्याला जे मोजता येतं तेवढीच चोरी तो पकडतो. म्हणून 'जनतेचा सहभाग' हा आपल्याकडे फार लाडका झालेला उपाय मला अर्धाच वाटतो. सोसायटीचे चार जण कामावर जाऊन उभे राहिले तर डंपर मोजतील, फार तर फोटो काढतील. पाच मिलिमीटर त्यांना दिसणार नाहीत. ते दिसण्यासाठी रस्त्याच्या थरांचा गोल नमुना, म्हणजे कोअर, काढणारं यंत्र हवं आणि ते कुठे लावायचं हे ठेकेदाराला विचारल्याशिवाय ठरवणारा माणूस हवा.

यावर आपल्या प्रशासनाने शोधलेलं उत्तर म्हणजे थर्ड पार्टी, खात्याबाहेरच्या खासगी एजन्सीकडून तपासणी. कल्पना वाईट नाही. पण तिसरा पक्ष तिसरा राहतो का, हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर आपल्या गुजरातमध्येच सापडलेलं आहे, फक्त वेगळ्या खात्यात. कारखान्यांच्या प्रदूषणाची तपासणी खासगी ऑडिटर करत, आणि ऑडिटरला नेमणारा आणि पैसे देणारा तोच कारखाना. अहवालात जवळजवळ सगळे कारखाने मर्यादेच्या बरोबर खाली बसत. २००९ ते २०११ या काळात गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाला बरोबर घेऊन अर्थशास्त्रज्ञ एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही कारखान्यांपुरती पद्धत बदलून पाहिली. ऑडिटर चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटले गेले, त्यांची फी एका सामायिक निधीतून ठरल्या दराने दिली गेली, आणि त्यांनी घेतलेल्या मोजमापांपैकी काही दुसऱ्यांनी अचानक जाऊन पुन्हा घेतली. माणसं तीच, यंत्रं तीच. अहवाल मात्र खरे येऊ लागले, आणि पुढे कारखान्यांचं प्रदूषणही उतरलं.

रस्त्यांना हे जसंच्या तसं लागू पडतं. कोणत्या एजन्सीने कोणता रस्ता तपासायचा हे चिठ्ठीने ठरावं. तिचे पैसे कामाच्या बिलाबरोबर न जोडता वेगळ्या निधीतून जावेत, म्हणजे बिल अडलं म्हणून तिची फी अडणार नाही आणि बिल निघावं म्हणून तिला घाईही होणार नाही. आणि तिने काढलेल्या कोअरपैकी काहींच्या शेजारी दुसऱ्या कुणीतरी पुन्हा कोअर काढावा. हे शेवटचं कलम सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक. पण निविदेत तेच कधी दिसत नाही.

तंत्र जाणणाऱ्याने दक्षता ठेवायची ही कल्पना तशी जुनीच. केंद्रात मुख्य तांत्रिक परीक्षकांची व्यवस्था १९५७ साली झाली आणि १९६४ मध्ये ती केंद्रीय दक्षता आयोगाखाली आली. तिथे फायलींबरोबर काँक्रीटही तपासलं जातं. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत तर २००० सालापासून तीन पायऱ्यांची तपासणी आहे. पहिली कामावरची, दुसरी राज्याच्या निरीक्षकांची, तिसरी परराज्यातून येणाऱ्या निवृत्त वरिष्ठ अभियंत्यांची. वर पाच वर्षं देखभाल ठेकेदाराकडे, आणि रस्त्याच्या तोंडाशी खर्च आणि तारखा लिहिलेला फलक. तिथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. पण सावली तालुक्यातल्या एखाद्या वाडीला जाणाऱ्या रस्त्यावर जी नजर आहे ती बडोदा शहरात मांडवीतल्या किंवा वासणा-भायलीतल्या रस्त्यावर का नसावी, याचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

दरवर्षी ३१ ऑक्टोबरच्या, म्हणजे सरदार पटेलांच्या जयंतीच्या, आसपास दक्षता सप्ताह होतो. बॅनर लागतो, उभं राहून शपथ घेतली जाते, निबंधस्पर्धा होते, पोरांना पेनं वाटतात. हल्ली ऑनलाइन अभ्यासक्रमही आहेत. व्हिडिओ चालू ठेवून शेजारच्याशी बोलत बसलात तरी शेवटी प्रमाणपत्र मिळतं. नीतिमत्तेचं प्रशिक्षण असं होत असतं, यावर माझा काडीचा विश्वास नाही. लाच घेऊ नये हे न कळणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. त्याला कळत नसतं ते वेगळंच: कोअरची जाडी कमी आली तर अहवालात कोणते शब्द लिहायचे, प्रत कुणाकुणाला पाठवायची, ठेकेदाराने 'साहेबांशी बोलणं झालंय' म्हटल्यावर 'लेखी द्या' कसं म्हणायचं, आणि साहेबांनी तोंडी सांगितलेलं नोंदीत कसं आणायचं. हा सराव आहे, आणि तो करून घ्यावा लागतो. जुन्या, निवृत्त आणि धडधाकट मणक्याच्या अभियंत्यांना बोलावून असे प्रसंग नव्या मुलांपुढे उभे करावेत. दोन दिवसांत शपथेच्या दहा वर्षांपेक्षा जास्त काम होईल.

आणि बडोद्यात हे शिकवायला जागा नाही असं कुणी म्हणू नये. आम्हा बडोदेकर मराठी मंडळींना महाराजांचा दाखला दिल्याशिवाय लेख पुरा झाल्यासारखं वाटत नाही, तेव्हा तो देऊनच टाकतो. हात आणि पुस्तक एकत्र चालावं म्हणून सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं. आज त्याच वास्तूत विद्यापीठाची अभियांत्रिकी विद्याशाखा आहे. रेसकोर्सला गेरी, म्हणजे गुजरात इंजिनिअरिंग रिसर्च इन्स्टिट्यूट, आहे. माती आणि बांधकामाचा माल तपासणं हेच तिचं काम. लालबागेतल्या प्रतापविलास राजवाड्यात रेल्वे १९५२ पासून आपल्या अधिकाऱ्यांना घडवते आहे, आणि आता तिथे गतिशक्ती विद्यापीठही आहे. रेल्वेचा अधिकारी कामावर रुजू व्हायच्या आधी शिकतो, रुजू झाल्यावर मधूनमधून परत येऊन शिकतो. शहराच्या रस्त्यावर सही करणारा मुलगा या तिन्ही दारांसमोरून रोज स्कूटरवरून जातो. त्याला तीन आठवडे गेरीत नमुने फोडायला बसवा, डांबर वेगळं काढून टक्के मोजायला लावा, वाईट रस्त्याचे कोअर हातात द्या. परीक्षा घ्या, आणि जो नापास होईल त्याला एम.बी.वर सही करू देऊ नका.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की शिकलेला माणूस जास्त हुशारीने खातो. खरं आहे. कोणता कोअर कुठे काढला की चांगला निघतो हे त्यालाच कळतं. म्हणूनच प्रशिक्षण एकटं पुरत नाही आणि म्हणूनच दुसऱ्या तपासणीची चिठ्ठी हवी. पण एक फरक राहतो. शिकलेल्याला 'मला कळलं नाही' असं म्हणता येत नाही. आज प्रत्येक चौकशी त्याच एका वाक्यावर येऊन विरघळते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो प्रामाणिक अभियंत्यांकडून येतो. तपासण्यांचा धाक एवढा वाढला तर कुणी सहीच करणार नाही, फायली फिरत राहतील. अशी भीती बाळगणारे मी पाहिलेत आणि त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही. पण त्यांना धाक असतो तो आपल्या सहीमागे काहीच पुरावा नसल्याचा. ज्याच्या नोंदीत तापमानाचे आकडे आहेत, तारीखवार फोटो आहेत, नापास नमुन्याचं पत्र आहे, त्याला पाच वर्षांनी चौकशीला बोलावलं तरी तो ताठ मानेने जाईल. ही नोंद त्याचं कवच आहे, आणि ती कशी ठेवायची हे शिकवणं सरकारचं काम आहे.

लिहिणाऱ्याचं रक्षण हा मात्र आपल्या व्यवस्थेतला सर्वांत लाजिरवाणा भाग. सत्येंद्र दुबे हे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातले अभियंते, आयआयटी कानपूरचे. सुवर्ण चतुष्कोणाच्या बिहारमधल्या कामातली गडबड त्यांनी थेट पंतप्रधान कार्यालयाला कळवली आणि आपलं नाव गुप्त ठेवावं अशी विनंती केली. ते पत्र नावासकट टेबलाटेबलांवरून फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ च्या पहाटे गयेत त्यांचा खून झाला. सीबीआयने तो लुटीतून झाल्याचं म्हटलं, २०१० मध्ये तिघांना शिक्षाही झाली. पण नाव फुटलं कसं, याची जबाबदारी कुणावर पडली नाही. त्यानंतर जागल्यांच्या, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा व्हायला २०१४ उजाडलं. राष्ट्रपतींची सही झाली आणि कायदा तिथेच थांबला. तो लागू केल्याची अधिसूचना काही निघाली नाही. ज्या देशात असं आहे तिथे फिक्स पगारावरचा पंचविशीतला मुलगा मंजूर ठेकेदाराविरुद्ध आपणहून लिहील, ही अपेक्षा मला क्रूर वाटते. केंद्रीय कायद्याची वाट न पाहता शहराला एक गोष्ट करता येईल: नापास नमुन्याचा अहवाल लिहिणाऱ्याची बदली पुढचे काही महिने आयुक्तांच्या लेखी कारणाशिवाय करायची नाही, आणि ते कारण सर्वसाधारण सभेपुढे ठेवायचं.

नागरिकांच्या हातातही एक हत्यार आहे, पण ते फारसं कुणी वापरत नाही. माहितीच्या अधिकारात कागदाच्या प्रती मिळतात एवढंच लोकांना ठाऊक. २००५ च्या त्या कायद्याच्या दुसऱ्या कलमात 'माहितीचा अधिकार' म्हणजे काय ते सांगताना कामाची पाहणी करणं आणि मालाचे प्रमाणित नमुने घेणं हेही स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे आपल्या दारातल्या रस्त्याचा नमुना आपल्यासमोर काढून, सही-शिक्क्यानिशी मागता येतो. तो तपासणार कोण, हा प्रश्न उरतो, आणि तिथे पुन्हा कलाभवन आणि गेरी. नागरिकांनी आणलेले नमुने ठरावीक फीमध्ये तपासून द्यायची खिडकी या संस्थांनी उघडली, तर सोसायटीच्या त्या चार जणांना डंपर मोजत उभं राहावं लागणार नाही. दोषदायित्वाची मुदत संपायच्या आत हा नमुना काढला, तर दुरुस्तीचा खर्च ठेकेदाराच्या माथी बसतो. मुदत संपल्यावर तोच खर्च तुमच्या-आमच्या घरपट्टीतून जातो. म्हणून त्या मुदतीची तारीख कमानीएवढ्या अक्षरांत रस्त्यावर लिहिलेली हवी.

सुरुवात सगळ्या शहरात एकदम करायची गरज नाही. एका झोनच्या पुढच्या निविदेत दोन कलमं घाला. एक, कोअर कुठे काढायचा हे काम झाल्यावर चिठ्ठीने ठरेल आणि त्या जाडीप्रमाणेच बिल निघेल. दोन, एम.बी.वर सही फक्त गेरीची परीक्षा उतरलेल्याचीच चालेल. बाकी काही बदलू नका, तेच ठेकेदार, तेच दरपत्रक. अंदाजपत्रकापेक्षा वीस-पंचवीस टक्के खाली जाऊन कामं घेतली जातात हे आपण सर्रास वाचतो. या झोनमध्ये दर तेवढे खाली आले नाहीत, तर आजवर ते पंचवीस टक्के कुठून भरून निघत होते, याची चौकशी करायला वेगळी समिती नेमावी लागणार नाही.